न बदललेलं पातं

कोपरी, ठाणे (पूर्व)
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय माया,

जयभीम. तुझा फोन बंद, म्हणून कागद घेतला. गोदामावशी आज इकडे आलेली, कल्याणला परत जाताना तिच्याच हाती देतोय. आईचं बीपी ठीक आहे. माया कामावर कधी जाणार, असं ती रोज विचारते. मी सांगतो, जाईल.

मावशी म्हणाली, तू नीट जेवत नाहीस आणि ड्रोन पुन्हा हातात धरणार नाही म्हणतेस. शुक्रवारच्या चौकशीसाठी कबुलीही लिहून ठेवलीयस म्हणे, की डोंबिवलीत ड्रोन पडला तो तुझ्या चुकीने. माया, त्यावर सही करू नकोस. का, ते सांगायला मला एकोणीस दिवस लागले.

त्या सकाळी तू सगळं नियमाने केलेलं. जुन्या सोसायटीची पुनर्विकासासाठी मोजणी होती. नकाशावर ग्रीन झोन, म्हणजे उडवायला मोकळी जागा, आहे ना बघितलंस, वारा मोजलास, आजूबाजूच्या गच्च्या रिकाम्या ठेवा म्हणून आदल्या दिवशी चिठ्ठ्या लावल्यास. उडवण्याआधी मशीन तपासायचं काम तेवढं माझं.

मी तपासलं. मागच्या उजव्या पात्यावर, अगदी मुळाशी, केसासारखी रेघ होती. नखाला लागली. रेघ दिसली की पातं बाद, हे तूच मला शिकवलंयस. पण जादा पाती मी वागळे इस्टेटला ऑफिसातच विसरून आलेलो. जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला असता, आणि विसरण्यावरून श्रीपाद सरांनी त्याच महिन्यात मला दोनदा झापलेलं. म्हटलं, वीस मिनिटं तर उडवायचंय. यादीवर टिक केली.

तू विचारलंस, "दादा, पाती बघितलीस?"

मी म्हणालो, "बघितली."

खोटं बोललो नाही, असं मी इतके दिवस स्वतःला समजावत राहिलो.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. ड्रोन गरगरला. तू त्याला पाण्याच्या टाकीकडे न्यायला बघत होतीस, आणि शेजारच्या गच्चीवर त्या इमारतीतल्या हौसाबाई वाळत घातलेली गोधडी काढायला आलेल्या. त्यांनी हात वर केला. अकरा टाके पडले. तू जिना उतरून धावलीस, त्यांना रिक्षात घालून नेलंस, त्याच दिवशी ड्रोनच्या सरकारी पोर्टलवर अपघाताची नोंद केलीस आणि कारण लिहिलंस, पायलटची चूक. त्या वेळात मी गच्चीवर एकटाच होतो. तिथेच पडलेलं तुटलेलं पातं उचललं आणि खिशात घातलं.

एक पातं गेलं की ते मशीन कोणाच्याच हातात राहत नाही. मला तेव्हाही माहीत होतं. मावशीकडे जायच्या आधी तू खिडकीपाशी बसून नुसती बोटं हलवत राहायचीस, कुठे चुकलं ते शोधत. मी समोर बसून चहा प्यायचो.

परवा रविवारी हौसाबाईंकडे गेलेलो. सगळं सांगितलं. वाटलेलं, शिव्या देतील. त्यांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "मला सांगून काय? बहिणीला सांगितलंस का?"

त्यांच्या सुनेने पाणी दिलं, ते तसंच ठेवून निघालो.

काल श्रीपाद सरांना पातं दिलं आणि लेखी जबाब दिला. त्यांनी माझ्यासमोर मशीनमधली उड्डाणाची नोंद उघडली. ती एक मोटर पातं तुटल्यावर एकदम मोकळी फिरलेली स्पष्ट दिसते. सर ओरडले नाहीत. ओळखपत्र टेबलावर ठेवून जा, एवढंच म्हणाले. उद्या पोलिसांकडे जायचंय. केस बहुतेक माझ्यावर होईल. आईला आज मावशी निघाल्यावर सांगणार आहे. कसं, ते माहीत नाही.

तुला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तेवढीच हिंमत नव्हती.

शुक्रवारी अकराला ऑफिसात ये. मी बाहेरच्या बाकावर असेन. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण आत जाताना मान खाली घालून जाऊ नकोस. तुझं काही चुकलेलं नाही.

खाली 'तुझा दादा' लिहिलेलं, ते खोडलंय. तो शब्द आता तू म्हणशील तरच.

रवींद्र