या घरात कूलर येणार नाही

१४ एप्रिल, रविवार

आज जेवताना जाहीर करून टाकलं. या घरात कूलर येणार नाही.

विषय रोहितने काढला. बारावीनंतर ट्रॅक्टरलाच कॉलेज मानणारा माझा धाकटा भाऊ. वणीला दुकानात मोठा कूलर बघून आला होता. वर पत्रे, खाली आपण, अजून किती वर्षं भाजून घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. मी चार मुद्दे मांडले. वीज, प्लास्टिक, पाणी. तिसऱ्यानंतर चौथा आठवला नाही, पण परिणाम झाला होता. डोकं वापरलं तर यंत्र लागत नाही. बी.एस्सी. पर्यावरण केलं ते सर्टिफिकेट भिंतीवर टांगायला नाही. (टांगलंय. पण ते नानांनी.)

आई नानांकडे बघत होती. नाना म्हणाले, "शिकलेली हे ती. बघू दे तिला काय करती ते."

रोहित हसला. तारीख लिहून ठेवते. उपयोगी पडेल.

१५ एप्रिल

सातपूरहून शुभाताईचा फोन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येते म्हणाली, पण सकाळी येऊन संध्याकाळी परत. दाजींचं म्हणणं, सात महिन्यांचं बाळ पत्र्याखाली ठेवायचं नाही. त्यांच्या फ्लॅटमध्ये एसी आहे. बाळाला दुसरं हवामान माहीतच नाही.

आईने फोन ठेवला आणि गव्हात नसलेले खडे निवडत बसली. ताईने आठ दिवस राहावं म्हणून तिने दिवाळीपासून मनात धरलंय. बाळाची पहिली आखाजी आहे.

मी म्हटलं, काळजी करू नको. आखाजीपर्यंत मधल्या खोलीचं तापमान तीस अंशांवर आणते. ताई आठ दिवस राहील. लिहून घे.

आई म्हणाली, मला लिहिता येत नाही, तूच लिही. लिहिलं.

१७ एप्रिल, सकाळी ११

पत्र्यांना चुना. पांढरा रंग ऊन परत पाठवतो. साधं शास्त्र आहे, कोणीही करू शकतं.

त्याच दिवशी, दुपारी ३

अर्धा पत्रा झाला. पत्रा तापलेला असतो हे मला माहीत होतं. किती, ते माहीत नव्हतं. दोन्ही तळव्यांना बर्फ लावून बसले आहे. पहाटे चढायला हवं होतं हे सगळ्यांनी एकेकाने येऊन सांगितलं.

१९ एप्रिल

चुन्यात डिंक घालायचा असतो म्हणे. वाऱ्याने चुना उडाला आणि अंगणातल्या कुरडयांवर बसला. आईने शांतपणे विचारलं, कुरडया आधीच पांढऱ्या होत्या, त्यांना अजून कशाला रंग दिला. दोन पाट कुरडया गुरांनाही चालल्या नाहीत.

खोली: ३९. थर्मामीटर चुकीच्या जागी आहे असं वाटतं.

२० एप्रिल

थर्मामीटर माठाच्या मागे टांगला. ३१. फरक लगेच दिसला.

आजपासून वैयक्तिक नियम: बारा ते चार पंखा नाही. शरीर सवय करून घेतं. आपल्या मागच्या पिढ्यांनी काय केलं?

(आईला विचारलं. ती म्हणाली, मागच्या पिढ्या दुपारी झाडाखाली झोपायच्या. याला मी पद्धत म्हणणार नाही.)

१:४० ला फरशीवर जरा आडवी झाले. ४:१० ला उठले. पंखा चालू होता, पण तो रोहितसाठी. रोहित शेतात होता हे मला झोपेत कसं कळणार.

२३ एप्रिल

मुख्य टप्पा सुरू. खिडक्या-दारांना ओली गोणपाटं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. पहिली पंधरा मिनिटं अप्रतिम. आई चक्क म्हणाली, बरं वाटतंय. मग वारा पडला. खोलीत वाफ धरली. शेजारच्या विठाबाई साखर मागायला आल्या, दारातच थांबल्या आणि विचारलं की घरात इडल्या लावल्यात का.

नाना बाज उचलून बाहेर गेले.  नाना माझ्या प्रयोगांबद्दल कधीच काही बोलत नाहीत. विश्वास असा असतो.

निष्कर्ष: तत्त्व बरोबर. वारा कमी पडला.

२६ एप्रिल, शुक्रवार

सापडलं!

दुपारी कांदे भरायला कांद्याच्या चाळीत गेले. बाहेर जीव जात होता आणि चाळीत गार झुळूक. जमिनीपासून दोन फूट उचललेली, चारही बाजूंनी पट्ट्या, पट्ट्यांत फटी. वारा खालूनही येतो, बाजूनेही येतो. वीस वर्षं ही चाळ बघते आहे, पण शास्त्राच्या नजरेने आज बघितली. कांद्यांसाठी आपण इतकी हवेशीर घरं बांधतो आणि स्वतः पत्र्याच्या डब्यात राहतो. यावर लेख लिहायला हवा.

चाळीत थर्मामीटर: ३४. माठ नसताना!

नानांना विचारलं, उत्तरेकडचा खण रिकामा ठेवता येईल का, ताईला आणि बाळाला दुपारी तिथे बसवू. त्यांनी तिथे उशिरा निघालेला मागास कांदा भरायचं ठरवलं होतं. थोडा वेळ डोकं खाजवलं आणि कांदा गोठ्यात ठेवू म्हणाले. संध्याकाळी बघितलं तर खणात फळ्या टाकून वर घोंगडी अंथरली होती. बाळाच्या झोळीला आडव्या बांबूवर दोरही बांधला होता.

रोहित, बघ.

२९ एप्रिल

३४ चे ३० करायचे आहेत. चार अंश फक्त. नाना आणि आई आत्याच्या घरच्या लग्नाला नांदगावला गेलेत, हळदीपासून. शुक्रवारी येतील. तोवर काम पूर्ण करून त्यांना चकित करायचं.

वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून चाळीच्या पश्चिम बाजूला वरपासून खालपर्यंत गोणपाटं टांगली आणि वर ठिबकची जुनी नळी सोडली. थेंब थेंब पाणी. गोणपाटं आपोआप ओली राहतात. वारा ओल्या गोणपाटातून आत येतो, कांद्यांवरून जातो आणि गार होऊन आपल्या खणात पोहोचतो. कुठे मोटर नाही, आवाज नाही.

संध्याकाळी ५: २८ अंश! अठ्ठावीस! तीनदा बघितलं.

रोहितला दाखवणार होते, पण तो दिवसभर दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टरवर. बरं झालं. एकदमच बघेल.

१ मे

२७.

खणात झोपून बघितलं. पांघरूण घ्यावं लागलं. मे महिन्यात, पांघरूण. आईला फोन करून सांगितलं की ताईला आठ दिवसांच्या तयारीने यायला सांग. काय केलंस, म्हणाली. आल्यावर बघ, म्हटलं.

२ मे

चाळीत किंचित वास. मातीचा असावा. गारव्याला वास असतोच.

३ मे, शुक्रवार

नाना दुपारी आले. चपला न काढता चाळीकडे गेले, कारण वास रस्त्यापर्यंत आला होता असं त्यांचं मत. गोणपाटं बघितली. नळी बघितली. मग कांद्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि नाकाशी नेला.

मी तापमान सांगायला तोंड उघडलं होतं.

"चाळीला पाणी कोणी दाखवलं?"

एवढंच. आवाजही चढवला नाही. नळीचा कॉक बंद केला, एकेक गोणपाट काढून घडी केली, आणि शर्ट काढून पहिली पाटी भरली.

४ मे

पूर्ण चाळ उपसली. नाना, आई, रोहित, मी, आणि दया येऊन विठाबाई. सगळा कांदा शेडनेटखाली पसरला. ओला वेगळा, मऊ वेगळा, कोंब आलेला वेगळा. ऊन ४१ असावं. थर्मामीटर कुठे आहे माहीत नाही, शोधलाही नाही.

विठाबाई म्हणाल्या, चाळीत तांब्याभर पाणी न्यायचं नसतं हे रांगत्या पोरालाही माहीत असतं. मी म्हटलं, ही पद्धत मुळात माणसांसाठी होती. तत्त्व चुकलेलं नाही. कांद्याने साथ दिली नाही.

आई म्हणाली, तू पाचवीत असताना रोहित चाळीत तांब्या घेऊन गेला होता म्हणून तू त्याला थोबाडीत मारली होतीस. रडून घर डोक्यावर घेतलं होतंस, आपला कांदा सडंल म्हणून.

मला आठवत नाही.

आठवतं.

६ मे

बऱ्यापैकी कांदा वाचला. सगळा नाही. खड्डा रोहितने खणला.

नाना बोलत नाहीत. म्हणजे इतरांशी बोलतात. मला भाजी हवी का, ते आईला विचारतात. सर्टिफिकेटची काच मात्र आज त्यांनी नेहमीसारखी पुसली, मी दारातून बघितलं. हे जास्त वाईट.

वाचलेला कांदा परत चाळीत भरला. ऐसपैस, दोन्ही खणांत, म्हणजे हवा खेळेल. घोंगडी आत आणली. झोळीचा दोर तिथेच राहिला.

रोहित पुन्हा म्हणाला, कूलर आणू का. मी नाही म्हटलं. एका पराभवाने विचार बदलत नसतात. आणि पराभव झालेलाच नाही.

९ मे

ताई उद्या सकाळी येणार, संध्याकाळी पाचला दाजी न्यायला येणार. आईने आठ दिवसांचे लंगोट शिवले होते, ते पेटीत ठेवले.  घर: ३९. थर्मामीटर खोलीच्या मधोमध टांगला होता.

१० मे, शुक्रवार, आखाजी

घागर पुजली. आमरस, पुरणपोळी. ताई बारीक झालीय. बाळाच्या मानेवर बाराच्या आत घामोळं. एक वाजता रडायला लागलं ते थांबेना. आईने पदराने वारा घातला, विठाबाईंनी सुपाने. दाजी लवकर येतो म्हणाले फोनवर. ताईने पिशवी भरायला घेतली. आई त्या पिशवीत आंबे ठेवत राहिली.

मी उठले. गोठ्यातून नानांनी घडी करून ठेवलेली गोणपाटं आणली. खुराड्याचा लोखंडी सांगाडा मोकळा होता, त्याच्या तीन बाजूंना ती शिवली. वर ठिबकची नळी. खाली टब, पाणी वाया जायला नको. चौथ्या बाजूला रोहितचा टेबल फॅन, कारण तेविसाव्या तारखेचा निष्कर्ष होता की वारा कमी पडला. सगळं खिडकीबाहेर उभं केलं, समोरचं दार उघडं ठेवलं. वाफ धरायला नको.

फॅन लावला. दहा मिनिटांत बाळ रडायचं थांबलं. वीस मिनिटांत झोपलं. त्याच्या शेजारी ताई झोपली, पिशवीवर हात ठेवून. मग आई. मग विठाबाई, साखर न मागताच.

रोहित शेतातून आला. दारात उभा राहिला. यंत्राभोवती एक फेरी मारली, टबात वाकून बघितलं, परत येऊन माझ्याजवळ बसला. त्याने हसू आवरलं, याचं श्रेय त्याला देते.

"ताई, याला कूलर म्हणतात."

मी त्याला फरक समजावला. कूलर दुकानातून येतो. त्याला प्लास्टिकची बॉडी असते. त्यात गवत असतं, गोणपाट नसतं. हे घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून, बाष्पीभवनाच्या तत्त्वावर. तो म्हणाला, आणि कूलर कुठल्या तत्त्वावर? मी म्हटलं, बाळ उठेल, बोलू नकोस.

दाजी साडेचारला आले. बाळाकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, जरा टेकतो म्हणाले. साडेसहाला उठले. रसाचा डबा घेऊन एकटेच सातपूरला गेले.

ताईने पिशवी रिकामी केली. आईने पेटी उघडली.

११ मे

ताईला सांगितलं की याचं नाव वायुशीतक. ती बाळाला म्हणाली, मावशीने बघ कसा छान कूलर केलाय. मी दुरुस्त केलं. बाळ हसलं.

सर्वांना स्पष्ट केलं: ठराव मोडलेला नाही. या घरात कूलर येणार नाही, असा ठराव होता. आलेला नाही. शिवाय तो खिडकीबाहेर आहे.

१२ मे, रविवार, दुपारी ३

नाना कांद्यावर नजर टाकून आले. घामाघूम. सगळे झोपले होते, मीच तेवढी जागी. ते वायुशीतकासमोर उभे राहिले, बनियन वर करून पोटावर वारा घेतला. मग पाठीवर. बराच वेळ. मी वहीत डोकं घालून बसले.

नऊ दिवसांनी ते माझ्याशी बोलले.

"कूलर चांगला केला."

मला सांगायचं होतं, नाना, हा कूलर नाही. मुद्दे तयार होते. चारही आठवत होते.

टबातलं पाणी संपत आलं होतं. बादली भरून आणली.