मावशीच्या फुलांखालचा फोम

हॉलस्ट्रप, १२ फेब्रुवारी

प्रिय रिग्मोर मावशी,

वाग्नचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नकोस, मी सांगून थकलो. आमच्याकडे तुझी सून लिस्बेथ बरी आहे. माझं म्हणशील तर हे पत्र लिहून झाल्यावर कळेल.

माझं काम तुला ठाऊकच आहे. घरोघरी गरम पाणी नेणाऱ्या जमिनीखालच्या नळांभोवती फोम असतो, तो धड आहे की नाही हे बघायचं. धड असला तर वरची माती गार राहते आणि कुणाला काही कळत नाही (म्हणूनच आमचं कधी कौतुक होत नाही). गेल्या मंगळवारी बर्फ पडल्यावर उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन मी गाडीतून तुमची गल्ली फिरलो. पडद्यावर सगळीकडे निळं, फक्त तुझ्या खिडकीखालचा वाफा लालभडक. आधी वाटलं, कॅमेराच बिघडला. उतरून पाहिलं तर तुझी क्रोकसची फुलं उमललेली आणि गल्लीतली पाच मांजरं त्यांच्यात लोळत पडलेली. (ती तुझ्या प्रेमापोटी येतात, हा तुझा समज मी कधी खोडला नाही.)

तू मासे आणायला गेलीस तेव्हा पदपथाकडून खणून मी नळाच्या जोडातल्या फोमचा तुकडा काढला. चांगल्या फोममध्ये खसखशीहून बारीक बुडबुडे असतात. यात अंगठा जाईल एवढी भोकं होती, आणि पिळला तर पाणी आलं. आमच्या साहेबीणबाई बिर्गित म्हणाल्या, "अहो वाग्न, हा फोम आहे की भिजलेला पाव? हा जोड भरणाऱ्या शहाण्याचं नाव आधी शोधा!" शोधतो म्हणालो.

मावशी, बागमंडळाचा पहिल्या फुलाचा चषक तू किती वर्षं जिंकते आहेस! सगळं श्रेय कॉफीच्या चोथ्याचं, असं भाषणही ठोकलंस. बिचारा शेजारचा थॉरकिल्ड सहा वर्षं बागेत चोथा ओततोय. पण मला एकट्याला तू वेगळंच सांगितलं होतंस: हे कंद आक्सेलकाकांनी जाण्याआधी लावले आणि दर फेब्रुवारीला फुलं तेच धाडतात. तेव्हापासून तू त्या खिडकीशी बसूनच कॉफी पितेस. जोड दुरुस्त झाला की फुलं इतरांसारखी मार्चअखेरीस येतील. तुझा फेब्रुवारी मी काढून घेतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझा,
वाग्न

ता. क. गुरुवारी खोदाईचं यंत्र येईल. कंद मी स्वतः हाताने काढून ठेवीन. सोबतच्या संमतिपत्रावर तेवढी सही कर.

ता. क. २. शहाण्याचं नाव सापडलं. त्या जोडाच्या कामाच्या कागदावर माझीच सही आहे. अकरा वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, तुझा पासष्टावा वाढदिवस. पाऊस होता, जोड कोरडा होईपर्यंत थांबायला हवं होतं. पण तुझा फोन आला की केक कापायचा आहे आणि काका माझ्यासाठी अडून बसलेत. मी ओल्यातच फोम ओतला आणि निघालो. काकांबरोबरचा तो शेवटचा केक. फोमचा मला पस्तावा आहे, मावशी. केकचा करून बघितला, जमला नाही.

ता. क. ३. जोड या वेळीही मीच भरणार आहे. त्या दिवशी कृपा करून मला फोन करू नकोस. तो नीट कोरडा होऊन भरला की मी आपणहून येईन.