घट्ट म्हणजे किती

भाजे, शुक्रवार संध्याकाळ

संगणक सुरू झाला. मी सुरू केला.

परवा संगणक तंत्रज्ञाची परीक्षा. तोंडपाठ सगळं आहे, हातानं मात्र काहीच केलेलं नव्हतं. प्रात्यक्षिकात नापास झाले तर तळेगावच्या कॉलेजातल्या संगणक प्रयोगशाळेत मिळू घातलेली नोकरी गेलीच. सकाळी ठरवलंही होतं, जायचंच नाही.

दुपारी चुलत्यांनी, म्हणजे भाऊंनी, त्यांचा बंद पडलेला संगणक माझ्यापुढं ठेवला. "मोडला तर मोडला. न्हाईतरी भंगारातच चाललाय." चालू केला की नुसता पिपाणीसारखा वाजायचा. म्हणजे दोष मेमरीच्या पट्टीत. ती काढली, तिची सोनेरी कड खोडरबरानं घासली, परत बसवली. वाजणं तसंच. पुस्तकात लिहिलंय, घट्ट बसवा. घट्ट म्हणजे किती? एमएला कवितेतल्या विशेषणांवर पानंच्या पानं लिहिली, पण या एका विशेषणानं घाम फोडला.

भाऊ म्हणाले, "अगं, बाळ निजवतीस व्हय? दाब की."

दाबली. टक्. दोन्ही बाजूंचे खटके आपोआप बसले. पडदा उजळला.

"आता परत काढ. येकदा जमलं ते नशीब असतंय."

परत काढली. परत टक्. घट्ट म्हणजे तो आवाज येईपर्यंत. हे पुस्तकात का नाही लिहीत? चुलती जेवायला हाका मारत होती आणि मी काढत होते, बसवत होते.

परवा जाणार. भाऊंना विचारलंसुद्धा, घरात अजून काय काय बंद पडलंय?