बाबाराव वाहून गेले नाहीत

अमरावती, १४ जुलै २००३

चि. विनायकास, प्रेमलाताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला पोचते की पोस्टमनसकट वाहून जाते, देव जाणे. टीव्हीवर काल सकाळपासून तुमच्या रायपूरचे ‘राजधानी पाण्याखाली’ चालू आहे. सदर बाजारात नावा फिरताना दाखवल्या. तुझा फोन लागत नाही. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या राधिकेला आठवा महिना; पोरीला कुठे उंचावर ठेवले आहे, की अजून तुमच्या त्या सखल घरातच आहे?

तिचे सासरे बाबाराव दिवसभर आमच्याच टीव्हीपुढे बसून असतात. सुनेला आणायला जातो म्हणतात. आठव्या महिन्यात गाडीचा प्रवास नको, असे मी दहादा सांगितले. पण सोयरीक मी जुळवली असल्यामुळे पुराचाही दोष माझ्याकडेच आला आहे. पत्र मिळताच कळव. सुनीतीस आशीर्वाद. आमचा जीव तुमच्यापाशी अडकला आहे, तो मोकळा कर.

तुझी,
प्रेमलाताई

रायपूर, बूढ़ापारा, १८ जुलै

ती. सौ. प्रेमलाताईस, विनायकचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही कोरडे आहोत. गल्लीत घोट्याइतके पाणी आहे, दरवर्षी असते. ज्या नावा तुला दिसल्या त्या बूढ़ातलावातल्या, पोराटोरांना फिरवायच्या. सदर बाजारात कालही लोक स्कूटरवरून फिरत होते.

आता खरी गंमत ऐक. चॅनलचा एक तरुण मुलगा आमच्या दारासमोर आला आणि पाण्यात उकिडवा बसला, म्हणजे पाणी त्याच्या छातीला लागले. सुनीतीला वाटले, पोट्ट्याला चक्कर आली. ती लिंबूपाणी घेऊन धावली. संध्याकाळी टीव्हीवर ‘जीव वाचवायला धावणारी गृहिणी’ म्हणून तीच दिसली. लिंबूपाण्याचा पेला मात्र चित्रातून कापला होता.

आमचा फोन बंद आहे. पीसीओवरून तुला लावला तर घंटी वाजत राहते. तुम्ही टीव्ही किती मोठ्याने लावता? बाबारावांना थांबव. डॉक्टरीणबाईंनी राधिकेला जिना चढायलाही मना केले आहे. ते दारात येऊन अडून बसले, तर सोयऱ्यांना नाही म्हणायची माझी छाती नाही. लोभ असू दे, आणि टीव्हीवरचा थोडा कमी कर.

तुझा,
विनायक

अमरावती, २२ जुलै

चि. विनायकास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आज मिळाले. बाबाराव परवाच बडनेऱ्याहून गाडीत बसले, खांद्यावर ट्रकची फुगवलेली ट्यूब घेऊन. टीसीने विचारले तर सुनेसाठी आहे म्हणाले.

आणि काल रात्री ते टीव्हीवर! खाली लिहिलेले, ‘सर्वस्व गमावलेला वृद्ध’. सर्वस्व म्हणजे नेमके काय गेले ते लगेच कळव, कारण त्यांच्या सौ., मंदाकिनीवहिनी, माझ्या ओट्यावर बसून रडून राहिल्या आहेत. मधेच रडे थांबवून म्हणाल्या, बारशासाठी घेतलेला सदरा काहून घातला यांनी? मी त्यांना तुझे पत्र वाचून दाखवले, तर म्हणतात भावाचे पत्र खोटे असेल, फोटो कसा खोटा असेल? राधिकेला पाठवू नकोस, मी इथे सगळ्यांची समजूत घालते. आणि मन घट्ट ठेव.

तुझी,
प्रेमलाताई

रायपूर, २७ जुलै

ती. सौ. प्रेमलाताईस शि. सा. न. वि. वि.

मंदाकिनीवहिनींना सांग, सर्वस्व आमच्याकडे पोहे खाऊन राहिले आहे.

स्टेशनबाहेर ट्यूब पाहून चॅनलवाल्यांनी त्यांना पकडले होते. घरी आले ते राधिकेला न्यायचेच म्हणून. राधिकाच म्हणाली, बाबा, पाणी कुठे आहे ते आधी दाखवा, मग येते. त्यांनी गल्लीभर पाहिले. कोपऱ्यावर समोसे तळणे चालू होते. मग राधिकेपुरता विषय संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, कामवाली दिसत नाही? सुनीतीने सांगितले, अंजनाबाईचे घर खारून नदीच्या काठाला आहे, ते पाण्यात गेले. सगळी वस्ती शाळेच्या ओसरीवर आहे. ते उठलेच. आम्ही दोघे ट्यूब घेऊन गेलो. पाण्यातून धान्याची पोती, शिवणयंत्र, एक म्हातारी असे काय काय त्या ट्यूबवरून आणले. माणसे तिथे ओल्यात बसलेली, आणि टीव्हीवर त्यांचा पत्ताच नाही.

परतताना गल्लीत तोच तरुण उकिडवा बसलेला. बाबाराव त्याच्यापुढे उभे राहिले आणि आपल्या हिंदीत म्हणाले, “भैया, मैं बाढवाला नहीं, समधी हूँ, इस घर का व्याही. बाढवाले उधर हैं. चल, दिखाता.”

त्या पोराने आपल्या बुटांकडे पाहिले. बाबारावांनी हात धरून त्याला उभे केले, तसे छातीचे पाणी घोट्यावर आले आणि गल्ली हसली. तो आला मात्र. चिखलात दोनदा पडला. ओसरीवरच्या बायांशी बोलताना त्याचा आवाज वेगळाच निघत होता.

रात्री बातमी आली, अगदी खरी, फक्त खाली ‘बिलासपूर’ लिहिलेले. बाबाराव सकाळीच पीसीओवर जाऊन चॅनलला फोन लावत बसले. दर वेळी तिकडून सांगत, दुरुस्त करतो. हे पुन्हा लावत. दुपारी ‘रायपूर’ झाले आणि आज सकाळी ताडपत्र्या व तांदूळ घेऊन सरकारी गाडी वस्तीवर आली. अंजनाबाईने पहिली ताडपत्री ओढून घेतली आणि शेजारच्या बाळंतिणीवर टाकली. बाबाराव तिथेच पायरीवर बसून रडले. कॅमेरा नव्हता, म्हणून तुला कळवतो.

राधिका खुशाल. तुमची माया अशीच राहू द्या.

तुझा,
विनायक