थेंबाचं सोवळं

गुरुवार, दिवेलागण

अखेर ह्यांचं रक्त मिळालं! फिटच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण कळल्याशिवाय डॉक्टर गोळी कमी करत नाहीत, आणि शीर सापडत नाही म्हणून हे सुईला तयार नाहीत. आमची अनघा हिंजवडीच्या प्रयोगशाळेत असते. म्हणाली, "आई, बोटाचा एक थेंब कागदावर पुरे. वाळला की तिळाएवढा तुकडा कापून त्यातून औषध वेगळं काढते. पण वाळेपर्यंत शिवायचं नाही." एका थेंबात! काटकसर म्हणावी ती ही. सोवळं वाळतं त्या दांडीखालच्या फळीवरच कागद ठेवला. चाललं असेल ना देवाला?

हे म्हणाले, "रक्ताला सोवळं?"

"हो, आणि तुम्ही ओवळे. लांब राहा."

हसले. मग हळूच म्हणाले, "कमी पडला तर दुसरं बोट आहे."