धुक्याच्या दिवसांत बेटावर येणाऱ्यांसाठी

छिन्बी, बेइगान बेट
१८ एप्रिल

चि. मिंग-खाय यास,

ताईचे आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. आ-लोंगची पाठ मध्ये धरली होती, पण तुझे भावोजी डॉक्टरकडे जायचं सोडून बोटीचं इंजिन उघडून बसतात आणि त्यातच बरे होतात. पेइ-रोंगला सांग, माझ्या भावजयीने पाहुण्यांसाठी पाठवलेला चहा पाहुण्यांपर्यंत पोचलाच नाही, आम्हीच संपवत आणलाय.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू ‘हं, हं’ करतोस आणि मुद्द्याचं बोलणं निघालं की तुझी लिफ्ट येते. म्हणून लिहितेय.

मे महिन्यात तुम्ही तिघं येणार म्हणून समुद्राकडची खोली मी आत्तापासून कुणाला देत नाहीये. पण येण्याआधी थोडं ऐक. सल्ले देणं हा आता माझा धंदाच झालाय, आणि सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही हे मी हे पाहुणेघर चालवून शिकले. पोरंपोरी येतात ती रात्री समुद्राच्या पाण्यात उजळणारी निळी चमक बघायला. त्यांना सांगते, मोबाईल खिशात घाला, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, आणि चमक दिसली नाही तर माझ्याशी भांडू नका, ती माझ्या घरची नाही. साठीचे बाप्ये येतात, ऐन तारुण्यात इथल्या लष्कराच्या चौक्यांवर शिपाई होते ते. त्यांना सांगते, आधी जेवा, मग चौकी शोधायला जा. उपाशीपोटी चौकी सापडली की त्यांना रडू येतं आणि मग ते जेवतच नाहीत. भिशीच्या बायका येतात, त्यांना काहीच सांगावं लागत नाही, त्याच मला सांगतात.

आता तुमचं. पेइ-रोंगला गाडीतसुद्धा मळमळतं, तरी मी म्हणते बोटीनेच या. या दिवसांत धुकं उतरलं की विमानं बंद, आणि मग विमानतळावर बाकड्यावर बसून राहायचं. तिकडे तैवानात, चीलुंगच्या बंदरात बोटीवर चढल्या चढल्या तिने आडवं व्हायचं, खालच्या बिछान्यावर. तेलकट काही खायचं नाही, आल्याचा तुकडा गालात धरायचा. आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून उठून बसायचं नाही. सगळे तिथेच फसतात.

तू म्हणजे घड्याळवाला प्रवासी. परतीच्या दुसऱ्याच दिवशी कारखान्यात बैठक ठेवू नकोस. धुकं तुझ्या साहेबाला विचारून उठत नाही. आणि छिन्बीत गाडी दारापर्यंत येत नाही, पायऱ्यांवरून सामान तुलाच उचलायचंय, तेव्हा ती चाकांची बॅग राहू दे.

राहिली आई. तिचा लोकरीचा कोट आण. हो, मे महिन्यात. जाड मोजे आण. औषधं डॉक्टर देईल तेवढी जास्तीत जास्त घे, आणि आरोग्य विम्याचं कार्ड विसरू नकोस. मुठीला कापड गुंडाळलेली तिची मासे साफ करायची सुरी बोटीत बॅगेच्या तळाशी घाल. घरातल्या सपाता आण. बाबांचा तो लहान फोटो, फ्रेमसकट, कोटात गुंडाळून आण म्हणजे काच फुटणार नाही.

आता तुझ्या भुवया वर गेल्या असतील. चार दिवसांच्या सहलीला बाबांचा फोटो कोण आणतं?

सांगते. नव्या वर्षानंतर एका दुपारी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं न बोलता तिने विचारलं, “बी-युन, तुझ्याकडे मासे कोण साफ करतं?”

“मीच करते.”

“तरीच. मागे तू पाठवलेल्या माशात खवले राहिले होते. बरं, मी येते.”

“ये ना. किती दिवस राहशील?”

“मी येते म्हणाले. जाते म्हणाले का?”

मला वाटलं चेष्टा करतेय. पण मग दर आठवड्याला फोन. बंदराजवळची विहीर बुजवली का? त्साय-हुआ अजून आहे का? ओहोटीला कालवं काढायला बायका जातात का, की सगळ्या दुकानंच चालवतात? मिंग-खाय, ती लग्न होऊन इथून बाबांबरोबर थाओयुआनच्या गिरणीत कामाला गेली तेव्हा पेइ-रोंगपेक्षा कितीतरी लहान होती. तेव्हापासून ती इथे आली ती फक्त अंत्यविधींना. आपल्याला वाटायचं, ती हे बेट विसरली. तिने फक्त तुझ्यामाझ्यासमोर त्याचं नाव काढणं सोडलं होतं.

तू वाईट वागवलंस असं कुणी म्हणत नाही. बाजारात ती पडली तेव्हा तू कसा धावलास ते मला ठाऊक आहे. त्यानंतर तिने एकटीने खाली जायचं नाही, गॅस पेटवायचा नाही, भाजी पेइ-रोंगच आणणार, हे सगळं तू काळजीपोटी केलंस. पण सातव्या मजल्यावर दिवसभर ती काय करते हे तू कधी विचारलंस? मी विचारलं. म्हणाली, “टीव्हीवर बायका स्वयंपाक करतात, मी बघते.”

तुला तिने का सांगितलं नाही, हेही विचारलं. म्हणाली, “त्याला वाईट वाटेल. तू सांग. तुला सवय आहे.”

तर मी सांगितलं. आईला परत जायचं नाहीये. मी सगळा विचार केलाय. मागची खोली तळमजल्यावर आहे, तिथे पायरी नाही, मी न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतलीय. दवाखाना गाडीने जवळ आहे. थंडीत हीटर आहे. ती माझ्याकडे राहील आणि सुखात राहील, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. मुलानेच आईला सांभाळायचं असतं, लोक काय म्हणतील, वगैरे जे तू म्हणणार आहेस ते मी आधीच ऐकलंय, आ-लोंगने तुझा आवाज काढून म्हणून दाखवलं.

रागावायचं असेल तर बोटीवर रागाव, तिथे भरपूर वेळ असतो. पण ये.

खोली झाडून बसलेली,
तुझी बी-युन ताई


छिन्बी
२४ मे

चि. मिंग-खाय,

आशीर्वाद तर आहेतच, पण कानही धरावासा वाटतोय.

तू आला नाहीस. बायकोला पाठवलंस, वर तिला बजावलंस, “आईला फिरवून आण आणि घेऊन ये,” जणू छत्री विसरली होती. पेइ-रोंग एकटी परत गेली तेव्हापासून तू तिच्याशी धड बोलत नाहीस, असं तिने दबक्या आवाजात फोनवर सांगितलं. तिच्यावर राग काढू नकोस. इथे काय झालं ते माझ्याकडून ऐक.

पहिलं म्हणजे, तू हट्टाने विमानाचीच तिकिटं काढलीस. धुकं पडलं, विमान गेलं नाही, आणि दोघी शेवटी चीलुंगला जाऊन बोटीत बसल्या. पेइ-रोंग बोट सुटायच्या आधीच आडवी झाली होती तरी तिचे हाल झाले. तिच्या उशाशी पिशवी धरून बसली होती कोण, तर आपली आई. तिचं तोंड पुसायचं, पाठ चोळायची, मध्येच जाऊन खलाशांना विचारायचं, ‘वारा कुठला आहे?’ बंदरात उतरताना मी पाहिलं तर सून सासूच्या खांद्यावर आणि सासूच्या दुसऱ्या हातात बॅग. मी धावत जाऊन हात धरला तर म्हणाली, “तिला धर. मला काय झालंय?”

पहिले दोन दिवस ती शहाण्यासारखी राहिली. खोली चांगली आहे म्हणाली. दांडीला हात लावून पाहिला. स्वयंपाकघरात आली की मी तिला बसवायची. तिने सुरी हातात घेतली की मी म्हणायची, “अगं आई, राहू दे, कापेल.” पायरीवर हात धरायची. पेइ-रोंग दुसऱ्या बाजूने धरायची. तेव्हा आम्हा दोघींचं छान जमलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत आई नव्हती. बाहेर असं धुकं की समोरच्या घराची भिंत दिसेना. पेइ-रोंग पांढरीफटक पडली. “त्यांना काय सांगू मी, ताई? त्यांना काय सांगू?” एवढंच म्हणत पायऱ्यांवरून पळत सुटली. मी तिच्या मागे. आ-लोंग गाडी घेऊन दुसऱ्या वाटेने. मंदिरात नाही, दुकानात नाही. मी समुद्राकडे बघतच नव्हते, मुद्दाम. मग बसवाला म्हणाला, “एक आजी पहिल्या गाडीने छ्याओझला उतरली. माझ्याशी बेटाच्या आपल्या भाषेत बोलली, म्हणून लक्षात राहिलं.”

छ्याओझला पोचलो. हे आईचं जुनं गाव. तिथल्या बंदराच्या पलीकडे खडक आहेत, तिकडून धुक्यातून हसण्याचा आवाज येत होता. जवळ गेलो तर ओहोटीच्या खडकांवर तीन-चार म्हाताऱ्या वाकून कालवं काढत होत्या, आणि त्यांतली एक आई. पायात कुणाचे तरी गमबूट, हातात तिचीच सुरी. त्साय-हुआ मावशी, तीच तिची मैत्रीण जिच्याबद्दल ती फोनवर विचारायची, काहीतरी अचकट विचकट बोलली असणार, कारण आई एका हाताने खडक धरून हसत होती. इतक्या मोठ्याने ती हसते हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का?

मी ओरडणार होते. मला पेइ-रोंगने अडवलं. म्हणाली, “थांबा ताई. दचकून पडतील.” आणि तुझी ती बायको, पायातले चांगले बूट काढून, अनवाणी खडकांवरून हळूहळू खाली गेली. आईने तिला पाहिलं. मला वाटलं आता दोघी रडणार. आईने तिच्या हातात बादली दिली.

“धर नीट. सांडलीस तर पुन्हा काढायला लावीन.”

दोघी दुपारपर्यंत तिथे होत्या. मी वर बसून होते, एकटी.

घरी आल्यावर मी बोललेच. म्हटलं, “आई, तुझा गुडघा, हे धुकं, तू सांगून तरी जायचंस.”

ती कालवं सोलत होती. वर न बघता म्हणाली, “बी-युन, तिकडे मिंग-खाय माझा हात धरतो. इकडे तू धरतेस. हात बदलायला एवढ्या लांब बोटीने कशाला आले मी?”

पुढे ती म्हणाली, त्साय-हुआचा मुलगा तैवानला गेल्यापासून तिच्या घरची एक खोली रिकामी आहे. दोघींचं बोलणं झालंय. ती छ्याओझला राहणार. सकाळी माझ्याकडे येऊन मासे साफ करणार, आणि त्याचे पैसे घेणार, कारण फुकट काम केलं की लोक हात धरायला लागतात.

“आणि मी बसवलेली दांडी?” असं मूर्खासारखं मी विचारलं.

“पाहुण्यांना होईल.”

पेइ-रोंग तेव्हा बोलली. इतक्या वर्षांत तिला मी आईसमोर आवाज चढवताना पाहिलं नाही, तेव्हाही तिने चढवला नाही, पण बोलली. “आई, तुम्ही इथे सुखी आहात हे मी पाहिलं. पण घरी संध्याकाळी मी येते तेव्हा तुम्ही असता. ‘जेवलीस का’ असं मला दुसरं कोण विचारतं?”

आईने सुरी खाली ठेवली. मग तिला जवळ घेऊन म्हणाली, “मी विचारेन. रोज फोन करीन. पण तू मला आधी सांगायचंस की तू काय रांधलंस. मला टीव्हीवरच्या बायकांचं ऐकून ऐकून कंटाळा आलाय.”

मिंग-खाय, म्हणून पेइ-रोंग तिला न घेता परतली. ती हरली नाही. बंदरावर तिला निरोप देताना आईने जे केलं ते तिने तुला सांगितलं नसेल. आपल्या गळ्यातला देवीचा ताईत, जो तिने आजीकडून घेतला होता आणि मी मागूनही मला दिला नव्हता, तो पेइ-रोंगच्या गळ्यात घातला.

आता आई छ्याओझला आहे. बाबांचा फोटो तिने खिडकीत ठेवलाय, तोंड समुद्राकडे. रोज सकाळी पहिल्या गाडीने येते, माशाच्या खवल्यांवरून माझा उद्धार करते, म्हाताऱ्या शिपायांना तांदळाच्या वाईनमध्ये शिजवलेल्या शेवया वाढताना त्यांच्याकडून त्यांच्या जुन्या साहेबांच्या तक्रारी ऐकून घेते, आणि दुपारी निघते. ‘आज राहा ना’ म्हटलं की म्हणते, “घरी काम आहे.” घरी म्हणजे तिकडे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन थोडं रडले. मग ती खोली भाड्याने दिली.

हे सगळं तुला लिहिण्याचं कारण एकच. तू समजतोयस की आई मी पळवली. मी नाही पळवली. मलाही ती मिळाली नाही.

तू ये. जूनमध्ये धुकं विरळ होतं, विमानाने ये, आता माझं काही म्हणणं नाही. इतकी वर्षं मी बोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाला काय खा, कुठे झोप, काय आण ते ठासून सांगत आले. आईला भेटायला निघालेल्या मुलाला काय सांगायचं ते मला ठाऊक नाही. एवढंच सांगते, तिला न्यायला येऊ नकोस, भेटायला ये. माझ्याकडे न थांबता सरळ तिच्या दाराशी जा. आणि दार बंद असेल तर घाबरू नकोस, खडकांकडे जाऊन वाट बघ. ती वर येईल तेव्हा हात पुढे करायचा मोह होईल. मला रोज होतो.

तुझ्याच शेजारी उभी,
ताई