हिरवं पाणी

प्रिय रॉझ,

तुझे दोन फोन मी मुद्दामच घेतले नाहीत. रागावू नकोस. मी अंगणात कमरेपर्यंत भिजलेली होते आणि माझ्या हातात लांब दांड्याचा ब्रश होता. आपल्या पोहण्याच्या तलावाची भिंत घासत होते. हो, मी! ज्या तलावाच्या पंपाला मर्व्हने लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मला बोट लावू दिलं नाही, त्याच तलावाची.

मर्व्ह हॉस्पिटलात असताना तलावाकडे बघायला कुणाला फुरसत होती? मी सकाळी जायची ती अंधार पडताना परतायची. रॉकहॅम्प्टनचा उन्हाळा तुला माहीत आहे. त्यात वर आंब्याचा पाला. पाणी आधी नुसतं हिरवट झालं, मग शेवाळ धरलं, आणि मर्व्ह घरी आला त्या दिवशी त्यात बेडूक सुखाने संसार करत होते. मर्व्हला मी चाकाच्या खुर्चीतून आंब्याखाली नेलं. त्याने पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "च्यायला."

पक्षाघाताच्या त्या झटक्यानंतर त्याच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता, रॉझ. चहा हवा तरी च्यायला, पाय दुखला तरी च्यायला, आणि मी पांघरूण नीट केलं की हळू आवाजात, मायेनं, तेच. उजवा हात आणि उजवा पाय तर गेल्यासारखेच. तुला हे फोनवर सांगताना माझा आवाज पडायचा, आणि तू त्याचा अर्थ तुला हवा तसा लावलास. त्यात तुझी चूक नाही.

व्यायाम शिकवायला कॅरिस नावाची मुलगी येते. ती म्हणाली, "ग्वेंडा, याला पाण्यात चालवायला हवं. पाण्यात अंगाचं ओझं कमी होतं, पायाला धीर येतो." गावातल्या पोहण्याच्या तलावावर नेते म्हटलं तर मर्व्हने डाव्या हाताने खुर्चीचं चाक असं धरून ठेवलं की विचारू नकोस. लोकांसमोर उघड्या अंगाने, लुळा हात घेऊन तो जाणार नाही, हे त्याला बोलून दाखवायची गरजच नव्हती. मग आपलाच तलाव साफ करायचा, एवढं ठरलं.

मुरंब्याच्या बाटलीत पाणी भरून मी तलावाची औषधं विकणाऱ्या दुकानात गेले. तिथली नोलीन बाटली उजेडात धरून म्हणते, "बाई गं, हे पाणी आहे की वाटाण्याचं सूप?" मी म्हटलं, "सूपच समज, पण मला ते पिण्याइतकं स्वच्छ करून हवंय." तिने तपासून सांगितलं, की उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून जी पावडर घालतात ती वर्षानुवर्षं साठून पाण्यात फार झालीय. आता कितीही क्लोरीन ओता, ते शेवाळावर लागू पडणारच नाही. अर्धं पाणी काढून ताजं भरायचं. मग अ‍ॅसिड घालून पाण्याचा पीएच उतरवायचा, ते पाण्यात नीट मिसळू द्यायचं, आणि क्लोरीन त्यानंतर, ऊन उतरल्यावर. म्हणजे पावडर घालण्यात इतकी वर्षं हात सैल सोडला होता तो आपल्या मर्व्हसाहेबांनीच! घरी येऊन मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो आंब्याकडे बघत बसला.

अर्धं पाणी गटारात गेलं, ताजं भरलं. बेडकांना बादलीतून ओढ्यावर पोचवलं. संध्याकाळी मोठ्या उत्साहाने क्लोरीनचा कॅन उचलला, झाकण काढलं, आणि मागून आरोळी आली, "आधी अ‍ॅसिड!"

मी कॅन खाली ठेवला. वळून बघते तर मर्व्ह माझ्याइतकाच दचकलेला. "काय म्हणालास?" मी विचारलं. त्याचे ओठ बराच वेळ नुसते हलले, आणि मग प्रत्येक शब्द ओढून काढत तो म्हणाला, "आधी... अ‍ॅसिड. गधडे."

गधडे! रॉझ, लग्नात त्याने दिलेल्या वचनापेक्षा मला ते गोड वाटलं. मी रडत होते आणि ओरडत होते, "गधडा तू! जास्तीची पावडर कुणी ओतली?" शेजारच्यांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं. बघू देत.

मग रोज तेच. मी भिंती घासायची, फिल्टरमधून पाणी उलटं सोडून तो धुवायची, आणि तो खुर्चीतून हुकूम सोडायचा. कोपरा. पायरी. जोरात. रोज एखादा नवा शब्द. निम्मे हुकूम मी ऐकायची, निम्मे नाही. हिरवं गेलं आणि पाणी ताकासारखं पांढुरकं झालं, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. वाटलं, गेलं सगळं वाया. नोलीन म्हणाली, "अगं, ते मेलेलं शेवाळ आहे. फिल्टरला त्याचं काम करू दे." मी पंप चालू ठेवला. एका सकाळी पडदा सरकवला तर तळावरची फरशी न् फरशी दिसत होती.

क्लोरीन उतरल्याचं नोलीनने तपासून सांगितलं, तेव्हा कॅरिसने आणि मी त्याला पायऱ्यांवर बसवून हळूहळू आत घेतलं. तो भ्याला. मर्व्ह म्हणजे, रॉझ, पुराच्या पाण्यात उडी टाकून शेजाऱ्याचा कुत्रा काढणारा माणूस, आणि त्याची नखं माझ्या दंडात रुतली. छातीपर्यंत पाणी आलं तसं अंग सैल झालं. आणि मग उजवा पाय पुढे सरकला. मी पाण्यातून स्पष्ट पाहिलं. कॅरिसने ढकलला नाही, मी ओढला नाही. उथळ बाजूच्या या काठापासून त्या काठापर्यंत तो चालला, आणि पोचल्यावर मला म्हणाला, "क्लोरीन... जास्त झालंय."

आता मुद्द्याचं. तू माझ्यासाठी लॉन्सेस्टनला तुझ्या घरची मागची खोली रंगवून घेतलीस, आणि मर्व्हसाठी इथल्या वृद्धाश्रमात जागा धरून ठेवलीस. मी गप्प राहिले, त्याला तू होकार समजलीस. आपण बहिणी, पण लहानपणापासून समोरासमोर तुझ्यापुढे माझं कधी चाललं नाही, म्हणून हे लिहून पाठवते आहे: मी येणार नाही, आणि तो कुठे जाणार नाही. ती जागा दुसऱ्या कुणालातरी मिळू दे. तू म्हणायचीस, या माणसाने मला आयुष्यभर दाबून ठेवलं. थोडं खरंही आहे ते. पण आता घर मी चालवते, आणि मला ते जमतंय. अवघड दिवस येतील, तेव्हा तुला हाक मारीन, लाजणार नाही. तुझं विमानाचं तिकीट रद्द करू नकोस. फक्त खोकी बांधायला येऊ नकोस. पोहण्याचा पोशाख घेऊन ये. पाणी छान आहे.

तुझीच, आणि रॉकहॅम्प्टनचीच,
ग्वेंडा